कॅम्पसवरच्या सेन्सरवाल्या एलईडी लाइटचा रिव्ह्यू: दिवे चांगले आहेत, सेटिंग कोण ठरवतं ते बघा

आमच्या युनिव्हर्सिटीने कॅम्पसवरचे जुने सोडियमचे दिवे काढून आपोआप मंद होणारी सेन्सरवाली एलईडी सिस्टीम बसवली त्याला आता बऱ्यापैकी काळ झाला, थंडी पाऊस उकाडा सगळ्यात वापरून झाली, म्हणून आता नीट लिहिते. मी लॅबमध्ये रिसर्च करते, प्रयोग कधी संपेल याचा काही भरवसा नसतो आणि रात्री उशिरा लॅबमधून हॉस्टेलला चालत जाणं हे रोजचंच आहे. म्हणजे ही सिस्टीम ज्यांच्यासाठी बसवली त्यातलीच मी एक. कंपनीचं नाव घेत नाही कारण बाजारातल्या अशा बहुतेक सिस्टीम साधारण याच पद्धतीने चालतात आणि जो घोळ आहे तो दिव्यात कमी आणि सेटिंगमध्ये जास्त आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार, आणि हा दीड स्टार कुठे कापला ते खाली सविस्तर सांगते.

आधी जे चांगलं झालं ते. जुने पिवळे सोडियम दिवे आठवतायत ना, संध्याकाळी लावले की पूर्ण उजेड यायला चार-पाच मिनिटं लागायची, मध्येच लाइट गेली की दिवा गरम असल्यामुळे लगेच पेटायचाच नाही, थंड होईपर्यंत सगळा रस्ता अंधारात. आणि त्या उजेडात रंग म्हणून ओळखू यायचे नाहीत. रंग किती खरे दिसतात याचं शंभरपैकी माप असतं, त्यात सोडियम दिवा जेमतेम वीस-पंचवीसला असतो, बाहेरचा साधा एलईडी सत्तरच्या आसपास. हा फरक कागदावर छोटा वाटतो पण समोरून येणारा माणूस ओळखीचा आहे का, त्याने कुठल्या रंगाचं जॅकेट घातलंय, हे लांबून कळणं रात्री एकट्या चालणाऱ्या बाईसाठी फार मोठी गोष्ट आहे. यासाठी तर मी पूर्ण मार्क देते.

आता कार्बनचा हिशोब, कारण हे सगळं बसवलं त्याच नावाखाली. एक खांब घ्या. जुना १५० वॅटचा सोडियम दिवा, त्याचा चोक (दिव्याला जाणारा करंट आवरणारा भाग) स्वतः पंधरा-वीस वॅट खायचा, म्हणजे धरा १७० वॅट. वर्षभरात रात्रीचे तास साधारण ४००० होतात. म्हणजे एका खांबाला वर्षाला ६८० युनिट. नवीन दिवा ६० वॅटचा, तो रात्रभर फुल चालवला तरी २४० युनिट. नुसता दिवा बदलून ४४० युनिट वाचले! आता त्यावर डिमिंग, म्हणजे रात्री अकरापर्यंत फुल आणि त्यानंतर ३० टक्क्यांवर, कोणी आलं की परत वाढणार. माझ्या हिशोबाने हे १५०-१६० युनिटवर येतं, म्हणजे आणखी ऐंशी-नव्वद युनिटची बचत.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. दिवा बदलून ४४०, मंद करून ८५ च्या आसपास. आणि कॅम्पसवर सगळं भांडण होतं ते या दुसऱ्या आकड्यावरून. वीज कोळशाची असेल तर खाणीपासून धुरांड्यापर्यंत सगळं धरून युनिटमागे साधारण ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो (आयपीसीसी म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या २०१४ च्या अहवालातला हा मधला आकडा), म्हणजे दिवा बदलल्याने एका खांबामागे वर्षाला साडेतीनशे किलोच्या वर वाचले आणि मंद केल्याने सत्तर किलो. जलविद्युत असेल तर त्याच अहवालात आकडा २४ ग्रॅम आहे, मग हीच सगळी बचत बारा-तेरा किलोवर येते. त्यामुळे कोणी तुम्हाला 'आमच्या सिस्टीमने इतका टन कार्बन वाचतो' असं छापलेलं ब्रोशर दाखवलं तर पहिला प्रश्न विचारा, कुठल्या विजेवर?

अजून एक, आणि हे फारसं कोणी सांगत नाही. सोडियम दिवा तसा वीज खाऊन उजेड न देणारा वगैरे नव्हता. वॅटमागे शंभर ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) आसपास तो द्यायचाच, चांगला एलईडी १३०-१५० देतो. मग १७० वरून एकदम ६० वर कसं आलो? कारण जुने गोल काचेचे गोळे होते, त्यातला निम्मा उजेड आभाळात आणि झाडांच्या शेंड्यावर जायचा, बाकीचा काही फिटिंगच्या आतच मरायचा. नवीन फिटिंग सपाट आहे, उजेड खालीच टाकते, आडव्या रेषेच्या वर काही जात नाही. मोठी बचत ही दिशेत झालीये. म्हणून ज्यांच्या कॅम्पसला सेन्सर, नेटवर्क, अ‍ॅप या सगळ्याचं बजेट नाही त्यांनी नुसते गोळे काढून खाली तोंड केलेले साधे एलईडी बसवले तरी बहुतेक फायदा पदरात पडतो. हे मी मनापासून सांगतेय कारण 'स्मार्ट घेऊ तेव्हा एकदमच घेऊ' म्हणत वर्षानुवर्षं जुने गोळे तसेच जळत ठेवणाऱ्या संस्था आहेत.

आता सेन्सर. इथे माझा स्टार कापला गेला.

लॅबच्या मागून हॉस्टेलला जाणारी वाट आहे, दोन्ही बाजूला झाडं, बारा खांब. आमच्या इस्टेट विभागाने (कॅम्पसच्या इमारती, रस्ते, दिवे सांभाळणारा विभाग) ही वाट 'कमी वापराची' म्हणून टाकली आणि तिथे रात्री अकरानंतर ३० ऐवजी १० टक्क्यांचं सेटिंग ठेवलं. का, तर दिवसभराची वर्दळ मोजली त्यात ही वाट शेवटची आली. अरे पण दिवसा लोक पुढच्या मोठ्या रस्त्याने जातात, रात्री मागचं गेट जवळ पडतं म्हणून मागून येतात! दिवसाच्या वर्दळीवरून रात्रीचा उजेड ठरवणं हे मुळातच चुकलंय.

प्रत्यक्षात काय होतं सांगते. सेन्सर साधारण दहा मीटरच्या आत आलेला माणूस पकडतो. खांबांमधलं अंतर पंचवीस-तीस मीटर. म्हणजे मी ज्या खांबाखाली आहे तो झगझगीत आणि पुढचा खांब मिणमिणता. मी उजेडात उभी, पुढचं काही दिसत नाही, आणि पुढे कोणी असेल तर त्याला मी मात्र स्टेजवर उभी असल्यासारखी स्वच्छ दिसते. पूर्ण काळोख परवडला कारण डोळे त्याला सरावतात, पण हे असं उजेड-अंधार-उजेड झालं की डोळ्यांना सरावायला वेळच मिळत नाही. पूर्ण अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात, इथे दर वीस सेकंदाला चित्र बदलतंय. आणि मी तरुण आहे तरी, आमचे रात्रपाळीचे वॉचमन काका साठीचे आहेत, त्या वयात विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो. त्यांना त्या दहा टक्क्यांत काय दिसत असेल!

सायकलवाल्यांचं तर आणखी वेगळं. सायकल ताशी १८ किलोमीटरने चालली तर सेकंदाला ५ मीटर जाते, म्हणजे सेन्सरने पकडल्यापासून दोन सेकंदांत ती खांबाखाली. आणि कंपनीने दिलेलं सेटिंग असं की दिवा हळूहळू चार सेकंदांत फुल होणार. झालं, सायकल दहा मीटर पुढे गेली आणि मागे उजेड पडला. पुढचा खड्डा अंधारातच.

याचा उपाय सिस्टीममध्येच आहे हे जास्त चिडवणारं आहे. खांबांचा ग्रुप करता येतो, म्हणजे एका खांबाने माणूस पकडला की पुढचे दोन-तीन खांब आधीच वाढतात. फुल व्हायचा वेळ एका सेकंदावर आणता येतो. माणूस दिसेनासा झाल्यावर किती वेळ उजेड ठेवायचा तेही बदलता येतं. हे सगळं लॅपटॉपवरून होणारं काम आहे, एकही नवीन वायर ओढायची नाही. पण बसवणारा माणूस कारखान्यातून आलेलं सेटिंग तसंच ठेवून गेला आणि आमच्याकडे कोणाला पासवर्डच माहीत नव्हता. आम्ही काही जणींनी मिळून वाट चालून, कुठे काय दिसत नाही ते खांब नंबरसकट लिहून दिलं, मग इस्टेटच्या वायरमन दादांनी कंपनीच्या माणसाला बसवून ग्रुपिंग करून घेतलं. त्यानंतर ती वाट ओळखू येत नाही इतकी बदलली, पुढचे खांब आधीच उजळलेले असतात. दिवे तेच, वीज जवळजवळ तेवढीच. १० टक्के मात्र अजून १० च आहे, ते ३० करायला कमिटीची मीटिंग लागते म्हणे.

म्हणून त्या कमिटीसाठी हिशोब करून ठेवलाय, इथेही देते. १० वरून ३० टक्के म्हणजे ६० वॅटच्या दिव्यामागे १२ वॅट जास्त, अकरानंतरचे साडेसहा तास धरले तर एका खांबाला वर्षाला २८ युनिट. बारा खांब, ३३६ युनिट. आता माझ्या लॅबमध्ये उणे ८० अंशाचा जुना फ्रीझर आहे, असे जुने फ्रीझर दिवसाला १६ ते २० युनिट सहज खातात. म्हणजे बारा खांबांचा वर्षभराचा हा जादा उजेड एक फ्रीझर तीन आठवड्यांच्या आत खाऊन टाकतो. आणि तोच फ्रीझर उणे ८० ऐवजी उणे ७० ला ठेवला तर त्याची वीज पंचवीस ते तीस टक्क्यांनी कमी होते, बऱ्याच नमुन्यांना उणे ७० चालतं, जगभरच्या अनेक लॅब तसं करतातही. एका फ्रीझरचं बटण फिरवलं तर वीसेक खांबांच्या डिमिंगइतकी वीज वाचते. कार्बन वाचवायचा तर आहेच, मला त्याची खरंच काळजी आहे, पण मग तो आधी तिथे शोधा जिथे कोणाच्या सुरक्षेवर काही फरक पडत नाही. बाईच्या वाटेवरचे बारा वॅट शेवटी काढा, पहिले नाही.

'पण उजेडाने सुरक्षा वाढते याचा पुरावा काय' असं मीटिंगमध्ये हमखास कोणीतरी विचारतं, आणि प्रश्न चुकीचा नाही. न्यूयॉर्कमध्ये सरकारी वसाहतींत तात्पुरते मोठे दिवे लावून नीट तुलना करून अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये आला, त्यात रात्री बाहेर होणारे गंभीर गुन्हे साधारण ३६ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. उलट इंग्लंड-वेल्समधल्या ६२ स्थानिक प्रशासनांचा डेटा घेऊन २०१५ मध्ये आलेल्या अभ्यासात दिवे मंद केल्याने किंवा मध्यरात्रीनंतर बंद केल्याने अपघात वा गुन्हे वाढल्याचा पुरावा सापडला नाही. दोन्ही अभ्यास खरे असू शकतात, एका ठिकाणी फार अंधार होता तिथे भरपूर उजेड आणला, दुसऱ्या ठिकाणी पुरेसा उजेड होता तो थोडा कमी केला. माझं म्हणणं एवढंच की डिमिंग म्हटलं की घाबरायचं कारण नाही, मंद उजेड चालतो, मीही मंदच मागतेय. पायवाटेवर फुल असताना सरासरी १० लक्स (जमिनीवर किती उजेड पडतो त्याचं माप) असेल तर ३० टक्क्यांवर ३ लक्स राहतो, आणि पौर्णिमेचं चांदणं सगळ्यात जास्त धरलं तरी ०.३ लक्सच्या आसपास असतं, म्हणजे त्याच्या दहापट. तेवढ्यात माणूस नीट चालतो, फक्त तो उजेड सलग हवा, खांबाखाली लख्ख आणि मध्ये काळं असा नको. आणि गुन्ह्यांच्या आकड्यात एक गोष्ट कधीच येत नाही, ती म्हणजे अंधार आहे म्हणून लायब्ररीतून आठलाच उठून गेलेल्या मुली.

रंगाबद्दल थोडक्यात. आमच्याकडे पहिल्या टप्प्यात ४००० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर) पांढरे दिवे आले, दुसऱ्या टप्प्यात ३००० चे जरा उबदार. ३००० चे सरळ चांगले आहेत, डोळ्यात खुपत नाहीत, हॉस्टेलच्या खिडक्यांतून आत येणारा उजेडही कमी त्रासदायक. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्येच रस्त्यांसाठी ३००० किंवा त्याखालीच राहा असं सांगितलंय. पांढऱ्या दिव्यात वॅटमागे थोडा जास्त उजेड मिळतो म्हणून विक्रेते तोच पुढे करतात, फरक फार नाही, ऐकू नका. मान्य आहे की पांढराशुभ्र उजेड फोटोत भारी दिसतो, पण रोज त्याखालून चालायचं असतं.

आता तळ्याकाठचा भाग, आणि इथे माझा राग उलट बाजूने आहे. तिथे पूर्वी एकही दिवा नव्हता आणि रात्री कोणी जायचंही नाही. नवीन दिवे कमी वीज खातात, मग काय, 'आता परवडतंय तर तिकडेही लावू' म्हणून पाण्याच्या कडेने रांग लावली. हे जगभर होतंय, उपग्रहावरून मोजलं तेव्हा २०१२ ते २०१६ मध्ये पृथ्वीवरचा उजेड असलेला बाहेरचा भाग वर्षाला २.२ टक्क्यांनी वाढत होता, म्हणजे ऐन एलईडी येत असतानाच. वाचवलेली वीज नवीन खांबांत गेली तर बचत कसली? आणि त्या उजेडाची किंमत नुसती कार्बनमध्ये नाही. इंग्लंडमध्ये रस्त्याकडेच्या झुडपांत केलेल्या अभ्यासात (२०२१) दिव्याखाली पतंगांच्या अळ्या ४७ टक्क्यांनी कमी सापडल्या, आणि पांढऱ्या एलईडीखाली परिणाम सोडियमपेक्षा जास्त दिसला. तळ्याकाठचे दिवे बंद करा, अगदी पूर्ण बंद. तिथून वाचलेली वीज मागच्या वाटेला द्या. हॉस्टेलच्या वाटेवर हात आखडायचा आणि रिकाम्या तळ्यावर रोषणाई, हे मला अजिबात पटलेलं नाही.

डॅशबोर्डबद्दल बोललंच पाहिजे, कारण मुख्य इमारतीत मोठ्या स्क्रीनवर 'आजपर्यंत वाचवलेला कार्बन' असा आकडा सतत वाढत असतो आणि पाहुण्यांना तोच दाखवतात. मी वायरमन दादांसोबत बसून तो आकडा कसा येतो ते बघितलं. जुन्या दिव्यांची वीज वजा आत्ताची वीज, गुणिले एक ठरलेला आकडा, संपलं. त्यामुळे एखादा खांब बंद पडला की त्याची वीज शून्य, म्हणजे स्क्रीनच्या मते ती पूर्ण बचत! आमच्या वाटेवरचा एक दिवा बंद होता तेव्हा तोही 'पर्यावरण वाचवत' होता. शिवाय प्रत्येक खांबावरचं नेटवर्कचं यंत्र दिवसरात्र एक-दोन वॅट खातं, वर्षाला ९ ते १७ युनिट, डिमिंगमधून वाचलेल्या विजेतला दहा-वीस टक्के हिस्सा तिथेच जातो, तो यात धरलेला नव्हता. आणि छतावरच्या सोलरमुळे आमचे दिवे कार्बनमुक्त आहेत असं जे लिहिलंय ते तर काढूनच टाकावं. पॅनेल दुपारी वीज देतात, दिवे रात्री जळतात, मध्ये बॅटरी नाही. रात्रीची वीज रात्री चालू असलेल्या प्लांटमधूनच येते. सोलर जरूर असावं, पण त्याचा फायदा दिवसाच्या एसीत मोजा.

मागच्या गेटजवळ काही खांब स्वतःचं पॅनेल आणि बॅटरी असलेले सोलरवाले आहेत. खोदाई नाही, केबल नाही, मोकळ्या पार्किंगमध्ये मस्त चालतात. झाडाखालचे मात्र ढगाळ दिवसानंतर मध्यरात्रीच मान टाकतात. झाडी असेल तिथे घेऊ नका, एवढंच.

मेंटेनन्स ठीकठाक. प्रत्येक खांबावर क्यूआर कोड आहे, स्कॅन करून तक्रार टाकली की नंबर येतो, ही सोय मला आवडली. पण घेताना दोन गोष्टी लिहून घ्या. विक्रेते पन्नास हजार तास सांगतात ते एलईडीच्या चिपचं आयुष्य असतं, आणि तेसुद्धा उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचं. आधी जातो तो ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग, त्यातला कपॅसिटर उष्णतेने आणि विजेच्या झटक्यांनी मरतो. तो सुटा काढून बदलता येतो का हे विचारा. आमच्या पहिल्या टप्प्यातल्या फिटिंगमध्ये तो सीलबंद आहे, म्हणजे छोटा भाग गेला की अ‍ॅल्युमिनियमचं अख्खं फिटिंग भंगारात, आणि ते नवीन बनवायला लागणारा कार्बन कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही. दुसऱ्या टप्प्यातलं झाकण दोन क्लिपांवर उघडतं, दादा शिडीवर चढून पंधरा मिनिटांत बदलून खाली येतात. दुसरी गोष्ट, सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यांपासून वाचवणारा भाग) वेगळा आणि बदलता येणारा हवा. आणि सेटिंगचा पासवर्ड पहिल्या दिवशी तुमच्या इस्टेट विभागाच्या हातात हवा, कंपनीच्या माणसाच्या फोनमध्ये नाही.

घ्यावी का? जुने सोडियम किंवा गोळे असतील तर हो, लगेच. सेन्सर घेताना करारात ग्रुपिंग आणि बसवल्यानंतर रात्री प्रत्यक्ष चालून सेटिंग बदलून देणं लिहून घ्या, आणि त्या चालण्यात रात्रपाळीचे वॉचमन, लॅबवाल्या मुली, सायकलवाले आणि व्हीलचेअर वापरणारं कोणी असेल तर तेही हवेत. आमची कमिटी पुढच्या मीटिंगला १० चं ३० करते का बघू, केलं आणि तळ्याचे दिवे विझवले तर मी इथे येऊन चार स्टार करीन.